सेवाधर्म आणि देहधर्म

रोज रात्री साडेनऊच्या सुमारास आपल्या देवळात शेजारती होते. विठोबा-रखुमाईपुढे दूध व विडा ठेवला जातो, शेज घातली जाते, समईची एक वात तेवढी ठेवून गाभाऱ्याचे दार लोटले जाते, आणि सभामंडपातील मंडळी आवाज न करता पायऱ्या उतरतात. देव निजला आहे, आता त्यास त्रास देऊ नये, ही समजूत लहान मुलासही असते. बालपणी एकदा शेजारतीनंतर आम्ही घंटेच्या दोरीस हात घातला, तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी हळूच आमचे मनगट धरल्याचे आम्हांस अद्यापि स्मरते. परंतु ज्याच्या हाताने ती शेज घातली जाते, तो मनुष्य त्यानंतर केव्हा निजतो, किंबहुना निजतो की नाही, हा प्रश्न तेव्हा आमच्या मनात आला नव्हता. आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातही तो येत नसावा. तोच प्रश्न आज सभासद बंधुभगिनींपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही पुजाऱ्याचे पुत्र आहोत. आमचे शिक्षण शाळेपलीकडे गेलेले नाही आणि शास्त्रार्थ सांगण्याचा अधिकार आमच्याकडे नाही, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. तथापि जे घरात डोळ्यांनी पाहिले ते सांगण्यास विद्वत्तेची गरज नसते. प्रश्न असा आहे, की जो मनुष्य देवाची आणि देवाच्या दारी येणाऱ्या माणसांची सेवा पत्करतो, त्याने स्वतःच्या देहाची व मनाची काळजी घेणे हा स्वार्थ आहे, की केवळ सवलत आहे, की त्याच्या धर्माचाच तो एक भाग आहे?

पुजाऱ्याचे काम म्हणजे सकाळ-संध्याकाळची आरती, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः पहाटे चारला उठून ओल्या सोवळ्यानिशी काकडआरतीची तयारी करण्यापासून त्याचा दिवस सुरू होतो. पुढे षोडशोपचार पूजा, अभिषेक, नैवेद्य, कुणाकडे सत्यनारायण, कुणाकडे वास्तुशांत, कुणाकडे श्राद्ध. मांडी घालून घालून गुडघे धरतात. गाभाऱ्यातील कापूर व धूप छातीत साठतो. जेवणाला वेळ राहत नाही, आणि वेळ सापडला तर पुढे येतो तो शिरा किंवा साबुदाण्याची खिचडी. हे झाले देहाचे. दुसरे काम याहून जड आहे व ते कुणास दिसत नाही. तीर्थ घ्यायला हात पुढे करणारा मनुष्य पुष्कळदा आपले दुःखही पुढे करतो. मुलीचा संसार मोडला, मुलाला व्यसन लागले, कर्ज फिटत नाही, डॉक्टरांनी आशा सोडली, हे सारे गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर हलक्या आवाजात सांगितले जाते. पुजारी ते ऐकतो, दोन शब्द धीराचे बोलतो, आणि ते कुणाजवळ न बोलण्याचा निर्बंध आपल्यावर घालून घेतो. सांगणारा हलका होऊन घरी जातो. ऐकणारा तेथेच असतो, आणि त्याच्यापुढे दुसरा उभा राहिलेला असतो.

आता २०२३ सालची हकीकत सांगतो. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. आपण माळव्यात राहणारी मराठी माणसे. आपला श्रावण अमान्त पंचांगाचा, आणि आपल्या हिंदी शेजाऱ्यांचा पौर्णिमान्त पंचांगाचा. त्यांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. देवळाच्या आवारात महादेवाची पिंडी असल्याने दोन्ही मंडळी अभिषेकास येतात, आणि कुणासही नाही म्हणता येत नाही. त्या वर्षी शेजाऱ्यांचा श्रावण ४ जुलैला लागला, १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत अधिकमास होता, आणि आपला निज श्रावण १५ सप्टेंबरला संपला. म्हणजे लागोपाठ ७४ दिवस पिंडीवरील धार थांबली नाही. निज श्रावणातील चौथ्या सोमवारी, ११ सप्टेंबरला, अकराच्या सुमारास आमच्या वडिलांच्या हातातील गडू निसटला आणि ते गाभाऱ्यातच कोसळले. मधुमेहाची गोळी त्यांनी पहाटे घेतली होती आणि तोपर्यंत पोटात अन्नाचा कण नव्हता. रक्तातील साखर फार उतरली, असे डॉक्टरांनी सांगितले.

सभामंडपात जमलेल्या मंडळींनी त्यांना उचलले, वारा घातला, गाडी आणली; त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. परंतु त्या गर्दीतूनच एक उद्गार वारंवार कानी येत होता: ‘केवढी ही निष्ठा!’ आमची आई त्यावर काही बोलली नाही. रात्री घरी आल्यावर मात्र ती एवढेच म्हणाली, ‘निष्ठा खरी, पण दोन हात पलीकडे समई होती.’

त्या दिवसापासून ‘निष्ठा’ या शब्दाचा विचार आम्ही करू लागलो.

आपल्या समाजात सेवेचा आदर्श म्हणून चंदनाचा दाखला देण्याची रीत आहे. चंदन स्वतः झिजते आणि दुसऱ्यास सुगंध देते, तसे सेवकाने झिजावे, असे आपण सत्काराच्या प्रत्येक सभेत ऐकतो. दाखला उदात्त आहे, यात संशय नाही. परंतु सहाणेवर रोज चंदन उगाळणाऱ्यास आणखीही काही ठाऊक असते. कोरडे खोड सहाणेवर कितीही घासले तरी गंध उतरत नाही; घटकेघटकेला पाण्याचा थेंब द्यावा लागतो. शिवाय उगाळावयाचे ते त्या दिवसाच्या पूजेपुरते. सारे खोड एकाच दिवशी झिजवून टाकणाऱ्या पुजाऱ्यास कुणी निष्ठावंत म्हणणार नाही, उधळ्याच म्हणेल; कारण उद्याही देवाला गंध लागणार आहे. जो नियम खोडास लावतो तो खोड धरणाऱ्या हातास का लावू नये, हे आम्हांस समजत नाही.

कित्येकांस असे वाटेल, की देहाचे लाड ही आजच्या काळाची शिकवण असून आपल्या परंपरेत तिला थारा नाही. आम्हांस मात्र उलट दिसते. देह हे धर्माचरणाचे पहिले साधन होय, हा कालिदासाचा विचार ‘कुमारसंभवा’त आला आहे. तो कुणा आळशास दिलेला दिलासा नव्हे. कठोर तपश्चर्येत गढलेल्या पार्वतीस ब्रह्मचाऱ्याच्या वेषात आलेले साक्षात शंकर विचारीत आहेत, की तुझे तप तुझ्या शक्तीच्या मर्यादेत आहे ना? ज्याच्यासाठी तप चालले आहे, तोच तपस्विनीच्या प्रकृतीची चौकशी करतो, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. गीतेच्या सहाव्या अध्यायातही योग्याच्या आहाराविहारास व झोपेस प्रमाण सांगितले आहे. उपाशी राहणारा आणि झोप टाळणारा यांची तेथे प्रशंसा केलेली नाही.

याहून बोलके उदाहरण पंढरपूरचे आहे. आषाढी व कार्तिकी यात्रेच्या दिवसांत विठ्ठलाचा पलंग काढतात. शेजारती बंद होते आणि देव रात्रंदिवस भक्तांसाठी उभा राहतो. परंतु आपल्या पूर्वजांनी एवढ्यावर विषय सोडला नाही. उभ्या देवाला टेकावयास पाठीशी लोड देतात, आणि यात्रा आटोपली म्हणजे प्रक्षाळपूजा करून, ऊन पाण्याने स्नान घालून, शीण घालविण्यासाठी औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवितात. पुरीच्या जगन्नाथासही ज्येष्ठ पौर्णिमेच्या स्नानानंतर ज्वर येतो अशी श्रद्धा आहे. तेथे सुमारे पंधरा दिवस दर्शन बंद ठेवून देवावर औषधोपचार करतात. देव सर्वशक्तिमान आहे हे ज्यांस ठाऊक होते, त्यांनीच हे उपचार ठरविले. देवाला शीण येतो की नाही याचा वाद पंडितांनी घालावा. आम्हांस त्यातून एवढाच बोध होतो, की जो इतरांसाठी उभा राहतो त्याचा शीण ओळखणे हा भक्तीचाच एक प्रकार आहे. मग ज्याचा शीण मानावयास श्रद्धेचीही गरज नाही, जो डोळ्यांस दिसतो, त्यास लोड कोण देणार?

मनाच्या शिणाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात सेवा करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली एक निबंध लिहिला. दुसऱ्यांच्या सेवेसाठी स्वखुशीने पुढे आलेली उत्साही माणसेच काही काळाने आतून जळून गेल्यासारखी होतात, असे त्याच्या ध्यानात आले होते. त्या अवस्थेस त्याने ‘बर्नआउट’ हे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तिची जी व्याख्या स्वीकारली, तीत तीन लक्षणे सांगितली आहेत: शक्ती संपल्याची भावना, आपल्या कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. हा रोग नव्हे, कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था होय, असेही तीत स्पष्ट केले आहे.

यातील दुसरे लक्षण पुजाऱ्याच्या बाबतीत सर्वांत भयंकर आहे, असे आमचे नम्र मत आहे. देह थकला तर अभिषेक एक दिवस दुसरा कुणी करील. परंतु मन थकलेला पुजारी उभा असतो, मंत्र म्हणत असतो, तीर्थही देत असतो. फक्त समोरच्याचे रडणे त्यास ऐकू येईनासे होते. त्या श्रावणात वडिलांच्या तोंडून, ‘त्याच त्या कहाण्या घेऊन येतात,’ असा शब्द आम्ही प्रथमच ऐकला. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येकाचे दुःख पहिलेच असल्यासारखे ऐकले, त्याच्या तोंडी तो शब्द शोभणारा नव्हता. कोसळण्याच्या कितीतरी दिवस आधी ती सूचना मिळाली होती. आम्हांस ती वाचता आली नाही.

आता या प्रश्नाच्या अवघड भागाकडे वळतो. काळजी घ्यावी, विश्रांती घ्यावी, हे म्हणणे सोपे आहे. पण दुःख वेळ पाहून येत नाही. वडिलांच्या दुखण्यानंतर रात्री दहानंतरचे दूरध्वनी आम्ही घेऊ लागलो. त्याच हिवाळ्यात एका रात्री दोन वाजता एका कुटुंबातून फोन आला. त्यांच्या मातोश्रींचा अंतकाळ जवळ आला होता, आणि कुणी येऊन विष्णुसहस्रनाम ऐकवावे अशी त्यांची इच्छा होती. आम्ही म्हणालो, ‘बाबा झोपले आहेत, त्यांची प्रकृती बरी नाही, पहाटे काकडआरतीनंतर पाठवितो.’ पलीकडून ‘बरे’ एवढाच शब्द आला. त्या बाई उजाडण्यापूर्वी गेल्या.

सकाळी ही हकीकत वडिलांस सांगताना आमचा घसा कोरडा पडला होता. आपणांस उठविले नाही म्हणून ते रागावतील, असे आम्हांस वाटले. ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, ‘मला उठविले नाहीस ते ठीक केलेस. पण अरे, सहस्रनाम तुलाही येते. तू का गेला नाहीस?’

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. आम्ही वडिलांची झोप राखली याचाच आम्हांस अभिमान वाटत होता. त्या झोपेची किंमत कुणी तरी भरावी लागते, आणि ती आपणच भरावयाची होती, हे आमच्या ध्यानी आले नाही. ‘बाबा झोपले आहेत’ हे वाक्य चूक नव्हते. ते अपुरे होते. ‘मी येतो’ हे त्याचे उरलेले अर्धे वाक्य होते, आणि ते आम्ही बोललो नाही.

आम्हांस जे सांगावयाचे आहे ते सारे यातच आले. सेवकाने विश्रांती घेणे हा स्वार्थ नव्हे. परंतु ती विश्रांती दुसऱ्या कुणाच्या तरी जागरणावर उभी असते. ज्या समाजात असा दुसरा कुणी नसतो, तेथे सेवकापुढे दोनच वाटा उरतात: स्वतः मोडून पडणे, किंवा दाराशी आलेल्यास परत पाठविणे. पहिल्या वाटेस आपण निष्ठा म्हणतो व दुसरीस आळस म्हणतो. खरे पाहता दोन्ही ठिकाणी उणीव असते ती त्या तिसऱ्या माणसाची.

जुन्या लोकांनी हे ओळखले होते. पंढरपुरास विठ्ठलाची नित्यसेवा एका माणसावर सोपविलेली नव्हती. बडव्यांखेरीज पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे आणि डांगे अशा सात सेवाधारी घराण्यांत ती वाटलेली होती. पूजा सांगणारा निराळा, स्नानाचे पाणी आणणारा निराळा, दिवटी धरणारा निराळा. ते वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ सालच्या निर्णयाने संपले, आणि त्या हक्कांच्या गुणदोषांत आम्हांस शिरावयाचे नाही. परंतु एका देवाच्या एका दिवसाचे काम सात घरांना पुरते, हा हिशेब तरी त्यात होता. आपल्यासारख्या लहान देवळांतून ती सातही कामे एकाच माणसाकडे आली, आणि ते आपल्या ध्यानातही राहिले नाही. आमच्या वडिलांस गेल्या वीस वर्षांत सलग दहा दिवसांची रजा दोनदाच मिळाली: आजोबा गेले तेव्हा आणि आजी गेली तेव्हा, सुतकामुळे. विसाव्यासाठी घरात मृत्यू व्हावा लागतो, ही स्थिती देवासही आवडत नसेल.

यावर कुणी शंका घेईल, की विश्रांतीची सवय लागली म्हणजे सेवेत ढिलाई येणार नाही काय? शंका रास्त आहे. प्रकृतीचे निमित्त करून पूजा उरकणारे आणि दक्षिणेच्या वेळी ताजेतवाने होणारे लोक नाहीत असे नाही. यावर आम्हांस एकच कसोटी सुचते. विश्रांतीनंतर मनुष्य लोकांकडे अधिक मायेने वळत असेल तर ती विश्रांती धर्माची. लोकांपासून अधिकाधिक दूर सरकत असेल तर ती पळवाट.

आमच्या घरी त्यानंतर जे बदल झाले ते थोडक्यात सांगतो, कारण दुसऱ्या देवळांतील पुजारी-कुटुंबांसही त्यांचा उपयोग होईल. गोळी घेऊन उपाशी राहावयाचे नाही, ही डॉक्टरांची आज्ञा वडिलांनी आधी मानली नाही. एका वृद्ध शास्त्रीबोवांनी, दूध व औषध यांनी व्रत मोडत नाही अशी शास्त्राची संमती असल्याचे समजावून दिले, तेव्हा ती मानली. आता गोळी केव्हा घ्यावी व काय खावे हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरते. दुपारी एक तास निजणे नेमाचे झाले. सायंकाळी देवळाबाहेर पायी एक फेरी होते. आठवड्यातून एकदा दुसऱ्या देवळातील एका गुरुजींकडे ते जाऊन बसतात. कुणाच्या घरची गोष्ट तेथे निघत नाही, परंतु आपल्या मनावरचे ओझे मात्र बोलता येते. पुरोहित आपल्या घरचे कार्य स्वतः न करता दुसऱ्या गुरुजींस बोलावितो; मनाचे कार्यही तसेच समजावे. आणि शेवटची गोष्ट म्हणजे, इतरांच्या संकल्पाने दिवसभर पूजा करणारा मनुष्य स्वतःसाठी देवापुढे बसावयाचे विसरतो. शेजारतीनंतर वडील आता अर्धी घटका जपमाळ घेऊन बसतात. त्या वेळी ते पुजारी नसतात, नुसते भक्त असतात.

उरलेले काम आपले, म्हणजे सभासदांचे आहे. आठवड्यातून एक दिवस पूजेस पर्यायी माणूस असावा. श्रावणात व पितृपक्षात येणाऱ्या बोलावण्यांची नोंद मंडळाने ठेवावी, म्हणजे एकाच सकाळी चार ठिकाणी जाण्याचा प्रसंग येणार नाही. सहस्रनाम व गीता शुद्ध म्हणता येणाऱ्या स्त्रीपुरुषांची एक यादी करावी आणि रात्रीच्या बोलावण्यास त्यांनी पाळीपाळीने जावे. मरणोन्मुख माणसाच्या कानी देवाचे नाव पडावे यासाठी पुजारीच पाहिजे असे नाही; जागे असलेले कुणी तरी माणूस पाहिजे. त्या यादीत पहिले नाव आमचे घालावे, अशी विनंती आम्ही या लेखाद्वारे करीत आहोत. त्या हिवाळी रात्रीचे ऋण फिटण्यासारखे नाही. परंतु पुन्हा तो प्रसंग आला, तर अर्धे वाक्य उच्चारून आम्ही थांबणार नाही.

आज रात्री आपण शेजारतीस आलात, तर गाभाऱ्याचे दार लोटल्यावर पायऱ्या नेहमीप्रमाणे हळूच उतरा. मात्र जाता जाता समईपाशी उभ्या असलेल्या माणसास, ‘गुरुजी, आपण जेवलात का?’ एवढे विचारा. देवाची शेज पूर्ण झाली, असे मग म्हणता येईल.